जुन्या शहाबादीवर सिरॅमिक टाइल्स : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

जळगावच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातील शहाबादी फरशी न उखडता तिच्यावरच सिरॅमिक टाइल्स बसवून घेतल्या, त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे. फरशी उखडली असती तर तोडण्याची मजुरी, मलब्याची वाहतूक आणि नवा कोबा असा खर्च वाढला असता. जुनी फरशी ठोकून पाहिल्यावर कुठेही पोकळ वाजत नसेल, तर तो खर्च करू नये, हे माझे मत आजही कायम आहे.

मत बदलले ते टाइल्स चिकटवण्याच्या मसाल्याबाबत, म्हणजे अ‍ॅडेसिव्हबाबत. सुरुवातीला मला सगळे श्रेय त्याचेच वाटत होते, कारण पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही एक सांधा उकलला नाही. पावसाळ्यात मात्र तेलाचा डबा ठेवतो त्या कोपऱ्यातील टाइल्स पायाखाली बद वाजू लागल्या. ठेकेदाराने टाइल्सलाच दोष दिला. मी एक टाइल काढायला लावली, तेव्हा अ‍ॅडेसिव्हचा संपूर्ण थर टाइलच्या पाठीला घट्ट चिकटून वर आला, आणि खालची शहाबादी कोरडी, काळपट व बोटाला तेलकट लागत होती. अ‍ॅडेसिव्ह सुकण्याआधी टाइल बसली नसती, तर दातेरी थापीच्या रेघा खाली फरशीवर तशाच उभ्या राहिल्या असत्या आणि टाइलची पाठ स्वच्छ निघाली असती. येथे नेमके उलटे झाले होते, म्हणजे दोष टाइलचाही नव्हता आणि अ‍ॅडेसिव्हचाही नव्हता. तो कोपरा धुतलाच गेला नव्हता.

ओट्यासमोरची जागा माझ्यासमोर घासली गेली होती, म्हणून ती आजही खणखणीत आहे. या कोपऱ्याच्या वेळी मिस्त्री म्हणाला होता, “भाऊ, अ‍ॅडेसिव्ह आहे ना, मग धुवायचं कशाला?” वर्षानुवर्षे फोडणीचे तेल मुरलेल्या दगडावर कोणतेही अ‍ॅडेसिव्ह धरत नाही, आणि नुसते टाचे (पकड यावी म्हणून दगडावर छिन्नीने पाडलेल्या खाचा) मारूनही भागत नाही, कारण तेल टाच्यांच्या मधल्या भागात राहतेच. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तारेच्या ब्रशने घासावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब पसरला तर ठीक, मण्यासारखा गोल उभा राहिला तर पुन्हा घासावे. अ‍ॅसिड अजिबात वापरू देऊ नये, कारण शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि अ‍ॅसिड त्याचा पृष्ठभाग खाते. टाचे त्यानंतर मारावेत आणि त्यांची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. अ‍ॅडेसिव्हच्या गोणीवर आय.एस. १५४७७ हा टाइल अ‍ॅडेसिव्हच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्यापुढे अ‍ॅडेसिव्हचा प्रकार छापलेला असतो, तो वाचूनच गोणी घ्यावी. टाइल व अ‍ॅडेसिव्हमुळे जमिनीची उंची वाढते, म्हणून दरवाजा खालून तासावा लागतो आणि मोरीकडचा ढाळ आधीच तपासावा लागतो.

तो कोपरा उखडून, घासून पुन्हा बसवून घेतला आहे आणि आता तो पक्का वाजतो. नव्या टाइल्स व गोणीचे पैसे ठेकेदार माझ्याकडे मागत आहे. धुण्याची मजुरी मी आधीच दिलेली असल्याने मी ते देणार नाही, असे त्याला स्पष्ट सांगितले आहे.