श्रमदान की डिझेलची वर्गणी?

पावसाचं पाणी अडवण्याच्या कामांत गावागावांत चुरस लावणारी पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या 3 तालुक्यांत सुरू झाली. 2018 मध्ये ती 75 तालुक्यांत पोहोचली आणि शहरातली हजारो तरुण मुलं ‘जलमित्र’ होऊन 1 मेला श्रमदानाला गेली.

शहरी हातांना कुदळीची सवय नसते. तासाभरात तळव्याला फोड येतात आणि सलग समतल चराचा, म्हणजे उतारावर पाणी अडवायला एकाच पातळीत खणायच्या लांब चराचा, जेमतेम एक तुकडा खणून होतो. जेसीबी तेवढी माती बघता बघता उपसतो. भारतीय जैन संघटनेने तेव्हा गावांना यंत्रं मोफत पुरवली, पण डिझेलचे पैसे उभे करावेच लागले. नुसता घनमीटरचा हिशेब केला, तर मित्रांत काढलेली वर्गणी श्रमदानापेक्षा कितीतरी जास्त पाणी अडवते.

तरीही पाणलोटाच्या कामात पहिल्यांदा उतरणाऱ्याने आधी हातात घमेलं घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. पहाटेपासून राबणाऱ्या गावातल्या बाया ज्याने पाहिल्या, तो पुढे वर्गणी मागताना अडखळत नाही. फक्त डबा आणि पाणी घरून न्या. दुष्काळी गावावर पाहुणचाराचा भार नको. डिझेलचे पैसे पुढच्या उन्हाळ्यापासून गोळा करा, आणि ते गावाने कामाचा आराखडा दाखवल्यावरच द्या.