सासूबाईंच्या वंशावळीपायी गेलेले ४,७६५ डॉलर

४,७६५ डॉलर. पाच वेळा पाठवले: ४५०, १,२००, ८७५, १,६४० आणि शेवटचे ६००. रुपयांत चार लाखांच्या आसपास होतात. आठ महिने मी हा आकडा घरात कुणाला सांगितला नव्हता. आता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण पूर्वज शोधून देतो म्हणून हे पैसे घेणारा तो माणूस अजून हाच धंदा करतो आहे. गेल्याच महिन्यात आणखी एका बाईने त्याला पैसे दिल्याचं मला कळलं.

माझा नवरा अमेरिकन. सासूबाई केंटकीच्या आग्नेय डोंगराळ भागातल्या. १७७५ साली डॅनियल बून या तिकडच्या नामांकित शिकारी वाटाड्याने कंबरलंड गॅपच्या खिंडीतून जी वाट पाडली, तिच्यावरून आलेल्या कुटुंबांपैकी त्यांचं माहेर. घरात पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट सांगतात, की आपल्यात ब्रायनांचं रक्त आहे. ब्रायन म्हणजे बूनची सासुरवाडी. सासूबाई ऐंशीच्या होणार होत्या. आजीने सांगितलेली ही गोष्ट खरी की खोटी, एवढं त्यांना मरणाआधी कळायला हवं होतं. मी ठरवलं, हीच त्यांना भेट द्यायची.

मी कुडाळकडची. आमच्या माहेरचा छापील कुलवृत्तांत आहे. थोरल्या काकांनी त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांचा मोडीतला मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. कुठेतरी वही असते, ती सांभाळणारा माणूस असतो आणि त्याला दक्षिणा दिली की तो पान उघडून दाखवतो, हे माझ्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. तिकडच्या जंगलातल्या लोकांची अशी वही कुणी ठेवलीच नव्हती, हे कळायला मला एवढे पैसे मोजावे लागले.

त्या लोकांची नाती किती गुंतलेली होती ते समजल्याशिवाय ही फसवणूक समजणार नाही. आपल्याकडे साटंलोटं म्हणतात, तसंच. डॅनियल बूनने १७५६ साली नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीच्या खोऱ्यात रिबेका ब्रायनशी लग्न केलं. त्याचा भाऊ एडवर्ड याची बायको मार्था ही रिबेकाची बहीण. डॅनियलची बहीण मेरी दिली विल्यम ब्रायनला, म्हणजे रिबेकाच्या काकाला. एका खोऱ्यात पाच-सहा घरं, बाकी रान. मुलंमुली एकमेकांतच लग्नं करणार. पुढे हीच घरं एकत्र केंटकीत गेली आणि नातवंडांनीही तेच केलं. नावं ठरलेली: जॉन, विल्यम, जेम्स, मेरी, रिबेका. एकाच वेळी एकाच ओढ्याकाठी एकाच नावाचे तीन चुलतभाऊ. अशा जाळ्यात कुणीही कुणालाही कुणाची मुलगी म्हणून बसवू शकतो आणि ऐकणाऱ्याला ते पटतं. तो माणूस त्याच जाळ्यावर पोट भरतो.

पहिल्या फोनवर तो दीड तास बोलला. बोलला कसला, मला बोलतं केलं. आजीचं नाव, तिच्या भावंडांची नावं, कोणत्या चर्चमागे दफनभूमी आहे, कोणती गोष्ट कुणी सांगितली. तीन आठवड्यांनी ‘संशोधनाचा पहिला अहवाल’ आला. त्यात माझीच माहिती सुबक अक्षरांत मांडून मला परत दिलेली होती, वर १,२०० डॉलरचं बिल. आपण बोलायच्या आधी समोरच्याला बोलू द्या. त्याला आधी काही सांगूच नका.

नावापुढे तो ‘सीजी’ लावत होता. अमेरिकेत प्रमाणित वंशशोधक ही अक्षरं लावतात, आणि ती कुणाला दिली आहेत याची यादी प्रमाणपत्र देणारं मंडळच सगळ्यांना खुली ठेवतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. त्याने पाठवलेल्या प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता आणि मला तेवढा पुरला.

आता ज्या क्षणावर मी अजून रात्री जागी होते, तो सांगते.

८७५ डॉलर ‘कोर्टातल्या नकलांचे’ घेतल्यावर त्याने एक लग्नाचा बाँड पाठवला. त्या काळी लग्नाआधी नवऱ्या मुलाला जामीनदारासह असा कागद लिहून द्यावा लागे. जामीनदार बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ असायचा, म्हणून त्या एका सहीवरून मुलीचं माहेर कळू शकतं. या बाँडवर साल होतं १८०३, वधू सासूबाईंच्या घराण्यातली, जामीनदार एक ब्रायन. आणि वर ठळक अक्षरांत: व्हिटली काउंटी.

काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. व्हिटली काउंटी १८१८ साली नॉक्स काउंटीतून वेगळी काढली गेली. १८०३ मध्ये ती नव्हतीच.

हे मला माहीत होतं. दोनच आठवड्यांपूर्वी मी काउंट्यांच्या सीमांचा जुना नकाशा छापून स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर लावला होता. आणि हे मला नाही तर कुणाला कळायला हवं होतं? माझा जन्म १९७४ चा. दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झालाच १ मे १९८१ ला. पासपोर्टपासून व्हिसापर्यंत मी हे गोऱ्या अधिकाऱ्यांना किमान सहा वेळा समजावून सांगितलं आहे. १९७४ चा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा दाखला कुणी माझ्यापुढे ठेवला असता, तर मी त्याच्या तोंडावर फेकला असता. तो बाँड मात्र मी दोन्ही हातांनी धरला, ब्रायन हे नाव वाचलं आणि रडले. सासूबाईंना फोन लावला. नकाशा माझ्या पाठीमागे चार फुटांवर होता.

मी वेंधळी नाही. एकोणीस वर्षं बिलं तपासण्याचं काम करते आहे. पण त्या आठवड्यात सासूबाई इस्पितळातून घरी आल्या होत्या, मला त्यांना काहीतरी चांगलं सांगायचं होतं, आणि तो कागद अगदी तेच सांगत होता. ज्यांना वाटतं की आपण असे फसणार नाही, त्यांच्या घरी अजून असा आठवडा आलेला नाही.

त्यानंतर १७९० च्या जनगणनेचं पान आलं. केंटकीचं. त्यात नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, सहा मुलांची नावं. केंटकीची १७९० ची मूळ जनगणना नष्ट झालेली आहे, १८०० चीही. ‘जनगणना’ म्हणून जी पुस्तकं मिळतात, ती करयाद्यांवरून मागाहून तयार केलेली. आणि मूळ कागद टिकले असते तरी त्यांत बायकामुलांची नावं नसतीच. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीच्यांची नुसती संख्या. घरातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं यायला १८५० साल उजाडावं लागलं. १८५० च्या आधीच्या जनगणनेत कुणी तुम्हाला मुलांची नावं दाखवली तर तिथल्या तिथे फोन ठेवा.

१,६४० डॉलर गेले डीएनएच्या ‘विश्लेषणा’वर. सासूबाईंची चाचणी आम्ही आधीच केली होती. तो म्हणाला, मॅडम, ब्रायनांच्या वंशजांशी यांचा एवढा डीएनए जुळतो की शंकाच नको. आकडे खरे होते, अर्थ खोटा होता. सख्ख्या चुलत भावंडांचा सरासरी साडेबारा टक्के डीएनए जुळतो. साटंलोटं झालेल्या दोन जोडप्यांच्या मुलांचा पंचवीस टक्के. जिथे पाच पिढ्या आपापसांत लग्नं झाली, तिथे सगळेच एकमेकांना प्रत्यक्षापेक्षा जवळचे दिसतात. तेवढ्यावरून कुणाची मुलगी कोण हे ठरत नाही. खरा जाणकार ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो.

शेवटचे ६०० कौटुंबिक बायबलच्या पानाच्या छायाचित्राचे. इथे त्याने खऱ्या गोष्टीचा आधार घेतला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शनसाठी अर्ज करताना लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची पानं फाडून जोडलेली आहेत, आणि ती सरकारी दप्तरात आजही आहेत. त्यामुळे मला ते पान अगदी शक्य वाटलं. १७९९ ते १८४१ पर्यंतच्या नोंदी, सगळ्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. बेचाळीस वर्षांत लेखणीसुद्धा बदलली नाही? बायबलचं पान कुणी दिलं तर छपाईचं साल असलेलं आतलं शीर्षकाचं पान आधी मागा. मी मागितलं, तेव्हा त्याने फोन उचलणं बंद केलं.

सगळं उघड झालं ते केंटकीतल्या एका लहान ग्रंथालयात. तिथे काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी माझी ४१ पानं दहा मिनिटांत चाळली आणि चष्मा काढून हळूच म्हणाल्या, “बाळ, हा बाँड तू कुणाला दाखवला आहेस का?” मी सासूबाईंना दाखवला होता. ऐंशीव्या वाढदिवसाला चर्चच्या हॉलमध्ये साठ माणसांसमोर चौकट करून लावला होता.

मग तक्रारी. शेरीफच्या कचेरीत पाऊण तास बसवून घेतल्यावर एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, म्हणजे तुम्हाला चुकीचे पूर्वज मिळाले? आणि शेजारच्याकडे पाहून हसला. ही दिवाणी बाब आहे म्हणाला. मी विचारलं, खोटा सरकारी कागद बनवणं दिवाणी कसं? तर म्हणाला, तो माणूस दुसऱ्या राज्यातला, तिकडे करा. तिकडे फोन केला. ते म्हणाले, पैसे तुमच्या राज्यातून गेले, तुमच्याकडेच करा. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याने अकरा आठवड्यांनी छापील पत्र पाठवलं, त्यात माझं नाव चुकीचं. केंद्राच्या संकेतस्थळावर तक्रार भरली. एक क्रमांक आला, पुढे शब्द नाही. बँकेने तर कमाल केली. शेवटचे तिन्ही हप्ते मी थेट त्याच्या खात्यात पाठवले होते, कारण कार्डावर चार टक्के जादा पडतील असं तो म्हणाला होता. ३,११५ डॉलर. बँकेचं एकच उत्तर: तुम्हीच पाठवलेत ना? हो, मीच पाठवले. फसवल्यावर माणूस स्वतःच्याच हाताने पैसे देतो, म्हणूनच त्याला फसवणूक म्हणतात! हे मी चार वेगवेगळ्या माणसांना सांगितलं, चौघांनीही मला पुढच्याकडे पाठवलं. पहिले दोन हप्ते क्रेडिट कार्डावर होते. त्या १,६५० साठी लेखी हरकतीची साठ दिवसांची मुदत होती, ती मला कळेपर्यंत उलटली होती. पैसे कार्डानेच द्या. साठ दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझं बोलणं ऐकून प्रत्येकाचा सूर एकच: हौसेचा मामला, त्यात काय एवढं. चार लाखांची गाडी चोरीला गेली असती तर हे हसले असते का?

आणि यातलं नुकसान पैशांवर थांबत नाही. गुस्ताव अंजू नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत अमेरिकन घराण्यांना खोट्या वंशावळी विकल्या. तो १९४२ मध्ये मेला, त्याच्या वंशावळी अजून लोक उतरवून घेतात. आमचा खोटा बाँड वाढदिवसाच्या हॉलमधून फोनमध्ये गेला आणि आता नवऱ्याच्या नातेवाइकांनी तो आपापल्या वंशवृक्षांना जोडला आहे. बूनपर्यंत. मी मोजले, अकरा वृक्ष.

खरं काय मिळालं तेही सांगते. त्या ग्रंथालयातल्या बाईंनी एक पैसा न घेता नॉक्स काउंटीच्या करयाद्या माझ्यासोबत पाहिल्या. सासूबाईंची ती पणजीची आजी, म्हणजे बाँडवर जिला वधू दाखवली होती ती, एका नावापुरतीच सापडते, नुसती ‘रिबेका’, माहेरचं नाव नाही. ती ब्रायन असेल, नसेलही. सासूबाईंना मी ते सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग चौकट भिंतीवरून स्वतः उतरवून त्यांनी माझ्या हातात दिली.

अकरापैकी चौघांनी तो बाँड काढून टाकला आहे. पाच जणांना मी दोनदा लिहिलं. एकाने उलट मलाच खोटं ठरवलं. नणंदेला काल तिसऱ्यांदा फोन केला, तिने उचलला नाही.