रूट कॅनाल, कॅप, फिलिंग आणि नाइट गार्ड : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या अकरा महिन्यांत माझ्या तोंडात बरीच नवी भर पडली आहे. खालच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेचे रूट कॅनाल होऊन तिच्यावर झिर्कोनियाची, म्हणजे एका कणखर पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप बसली, तिच्या पुढच्या उपदाढेत दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट फिलिंग झाले आणि झोपेत दात खाण्याच्या जुन्या सवयीसाठी रात्री लावायचे कडक अ‍ॅक्रिलिकचे गार्ड आले. उपचार झाल्या झाल्या लिहिलेल्या अभिप्रायांत भूल नीट चढली का आणि दुखले किती, एवढेच असते. मला त्यानंतरच्या महिन्यांविषयी लिहायचे आहे, कारण हे काम किती टिकणार ते दात आणि भरलेले साहित्य जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेवर बरेचसे अवलंबून असते, आणि ती कड कशी आहे हे खुर्चीवरून उठल्यावर हळूहळू कळत जाते.

सुरुवात माझ्याच चुकीने झाली. थंडाने सणक जाऊन लगेच थांबत होती तोवर मी दुर्लक्ष केले. पुढे गरम काही प्यायल्यावर उठलेली कळ मिनिटभर रेंगाळू लागली आणि रात्री आडवे झाले की ठणका वाढू लागला. मग एके दिवशी सगळे आपोआप थांबले. मी ते बरे वाटणे समजून तीन आठवडे काढले. प्रत्यक्षात दाढेच्या आतला नसांचा गर मेला होता आणि संसर्ग मुळाच्या टोकापर्यंत उतरत होता, त्यामुळे दुसऱ्या खेपेला चावताना दुखू लागले तेव्हा एक्स-रेमध्ये एका मुळाच्या टोकाशी काळसर सावली दिसली, म्हणजे तिथले हाड झिजले होते.

रूट कॅनाल दोन बैठकांत झाले. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला होता, त्याच्या भोकातून तेवढी एकच दाढ वर डोकावत होती. हा पडदा अनेकांना गुदमरवणारा वाटतो, पण मला आता त्याशिवाय हे काम करून घ्यावेसे वाटणार नाही. त्याने लाळ आणि तिच्यातले जंतू मुळाच्या पोकळीत शिरत नाहीत, शिवाय मुळांच्या आतल्या बारीक नळ्या धुण्यासाठी वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक घशात उतरत नाही. खालच्या या दाढेला सहसा दोन मुळे आणि तीन नळ्या असतात. माझ्या दाढेत चौथी निघाली आणि ती शोधण्यातच पहिल्या बैठकीचा बराच वेळ गेला. साफ केलेल्या नळ्या शेवटी गटापर्चाने भरल्या. झाडाच्या चिकापासून मिळणारा हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून याच कामी वापरला जातो. त्यानंतर तीन दिवस चावताना दाढ हुळहुळत राहिली. आतली नस काढल्यावरही दुखते कसे, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर असे की मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू जिवंतच असतात आणि दाब तेच ओळखतात.

कॅप खरोखर लागते का, यावर मी थोडी हुज्जत घातली. रूट कॅनाल झालेली दाढ सुकून ठिसूळ होते असे सगळेच सांगतात, पण मुख्य कारण वेगळे आहे : कीड आणि आत शिरण्यासाठी केलेले छिद्र मिळून दाढेचा गाभा पोकळ होतो, उरलेल्या भिंती चावण्याच्या जोराने पाचरीसारख्या फाकतात आणि चीर मुळात उतरली तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कॅप या भिंतींना वरून आवळून धरते. तिच्यासाठी दाढ चहूबाजूंनी एक-दीड मिलिमीटर घासावी लागली, याचे वाईट वाटले. घासलेला भाग परत येत नाही. झिर्कोनिया मजबुतीला उत्तम आहे आणि अकरा महिन्यांत तिच्यावर ओरखडाही दिसत नाही. रंग मात्र शेजारच्या दातांपेक्षा किंचित मठ्ठ पांढरा आहे. मागच्या दाढेला हे चालून जाते, समोरच्या दाताला मी दहादा विचार केला असता.

आता कडेची गोष्ट. कॅप बसल्यानंतर दुसऱ्या महिन्यात त्या जागी फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा धागा, फाटू लागला. धागा आत जाताना नीट टक् करून जाई, बाहेर मात्र पिंजलेल्या कापसासारखा येई, आणि हिरडीतून रोज एखादा थेंब रक्त दिसे. मी ते हिरडी नाजूक असल्याचे लक्षण मानून तिथे फ्लॉस करणेच सोडले, म्हणजे नेमके उलटे केले. तपासणीत कळले की कॅप चिकटवताना बाहेर आलेल्या सिमेंटचा गव्हाच्या दाण्याहूनही लहान तुकडा हिरडीखाली कडेला राहिला होता. तो काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत आणि आठवड्यात रक्त थांबले. ज्याने कॅप बसवली त्याने त्याच दिवशी फ्लॉस फिरवून पाहिला असता तर दीड महिन्याची सूज वाचली असती, ही माझी तक्रार अजूनही आहे.

फिलिंगचा अनुभव साधारण त्याच जातीचा. कॉम्पोझिट दाताला चिकटते, त्यासाठी आधी फॉस्फोरिक आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत करतात. ही कल्पना मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. निळ्या प्रकाशाखाली कडक होताना हे साहित्य थोडे आकसते, म्हणून खोल खड्डा पातळ थर देत भरावा लागतो, आणि जागा कोरडी नसेल तर कडेला फट राहते. माझ्या फिलिंगची कड चांगली निघाली, चावा मात्र चुकला. अर्धा जबडा बधिर असताना चाव्याची खूण उमटवणारा निळा कागद चावायला लावला आणि मी वाकडाच चावलो. फिलिंग कणभर उंच राहिले. दोन आठवडे घास घेताना कळ जात होती. भूल नसताना पुन्हा कागद चावला, गडद ठिपका उमटला, तेवढाच घासला आणि त्याच संध्याकाळी दुखणे थांबले.

गार्डने पहिले आठ दिवस लाळ गळली, नंतर सवय झाली. त्याने माझे दात खाणे थांबलेले नाही, फक्त झीज गार्डवर जाते. त्यावर आता कॅपच्या समोरच गुळगुळीत खळगा पडला आहे. ते गार पाण्यानेच धुवावे, गरम पाण्याने आकार बिघडतो.

रूट कॅनाल झालेल्या दाढेची एक गोष्ट मला उशिरा उमगली. तिला गार-गरम कळत नाही, म्हणून कॅपच्या कडेखाली नवी कीड लागली तरी सणक जाणार नाही. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या खालचा दात तोच आहे. तोंडातील आम्ल वाढून पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की दातावरचे कवच विरघळू लागते आणि सतत काहीतरी तोंडात टाकत राहिले तर ते भरून यायला सवडच मिळत नाही. त्यामुळे मी दोन जेवणांमधले चरणे कमी केले, १४५० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट घेतली आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकून चूळ न भरण्याची सवय लावली, जी विचित्र वाटली तरी फ्लोराइड दातांवर राहावे म्हणून आवश्यक आहे. सहा महिन्यांनी लावलेले फ्लोराइडचे वार्निश दिवसभर दातांवर पिवळट, चिकट थरासारखे राहिले, याखेरीज त्याचा त्रास काही नाही.

त्याच भेटीतल्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाची सावली लहान झालेली दिसली, पण पूर्ण गेलेली नव्हती. हाड भरून यायला वर्ष किंवा त्याहून अधिक लागू शकते. पुढचा एक्स-रे महिन्याभराने आहे. तोवर रोज रात्री त्या कडेवरून फ्लॉस फिरवतो आणि धागा दिव्यासमोर धरून पाहतो.