डायलचं बीपी मशीन आणि पाच जणांची वर्गणी: काही महिने वापरल्यानंतर

कफ वॉरंटीत येत नाही. ठाण्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की बायोलॉजीच्या व्याख्यांपेक्षा तेच जास्त पाठ आहे. डायल वॉरंटीत, हवा भरायचा रबरी बल्ब वॉरंटीत, पण कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा, आणि नळ्या नाहीत. बीपीच्या मशीनमधून कफ आणि नळ्या वजा केल्या तर उरतं काय? वेळ न दाखवणारं घड्याळ. त्याच वैतागात लिहायला बसले आहे. मध्येच मत बदललेलं दिसेल, ते तसंच ठेवलंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हजाराच्या आसपास मिळणारी हाताने फुगवायची मशीनं साधारण एकाच वळणाची असतात. ३०० पर्यंतचा डायल, दोन नळ्या, काळा बल्ब, चेनचं पाऊच. ते तुम्हाला माहीतच आहे.

आमचा वापर घरगुती नाही, म्हणून आधी तो सांगते. नवी मुंबईतल्या घणसोलीचे आम्ही पाच जण. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या मैत्रिणीचा भाऊ फिजिओथेरपीला. आमच्या बिल्डिंगमधला एक दादा डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून वाशीच्या लॅबमध्ये लागलाय. चौथी डी.फार्मवाली, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा करणारी. पाचवी मी, बारावी सायन्स. माझ्याकडे दाखवायला काहीच नाही म्हणून नोंदवही आणि वर्गणीचा हिशेब माझ्या गळ्यात. कोपरखैरण्यातल्या एका मंडळाच्या खोलीत अधूनमधून रविवारी सकाळी आम्ही बीपी मोजतो. येणारे बहुतेक एपीएमसी बाजारातले माथाडी काका आणि त्यांच्या घरच्या बायका. ताईच्या ओळखीच्या एक डॉक्टर फोनवर असतात. निदान आम्ही करत नाही, गोळी सांगत नाही. आकडा चढा आला तर चिठ्ठी लिहून महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात पाठवतो.

माणशी दोनशे काढले. मी म्हणत होते डिजिटल घेऊ, बटण दाबलं की काम झालं. ताई ऐकेना. प्रॅक्टिकलला तिला हातानेच मोजावं लागतं, हा तिचा स्वार्थ. पण दुसरं कारण मला पटलं. डिजिटल मशीन कफमधल्या हवेच्या थरथरीवरून हिशेब करून आकडा काढतं. नाडीचे ठोके अनियमित असले तर त्याचा गोंधळ होऊ शकतो. स्टेथो लावला की ठोका आपल्या कानाला ऐकू येतो. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन सर्जनने हे सांगितलं आणि आजही तसंच चालतंय. पाऱ्याचं मशीन घ्यायचा प्रश्नच नव्हता. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि आता पाऱ्याची मशीनं मागे पडत चालली आहेत.

डायलबद्दल तक्रार नाही. काटा शून्यावर बसतो का हे आम्ही दर वेळी बघतो, पण लॅबवाला दादा म्हणाला की शून्यावर बसला म्हणजे दीडशेलाही बरोबर दाखवेल असं नाही. काही डायलमध्ये शून्यापाशी बारीक खुंटी असते, काटा तिला टेकून बसतो आणि बिघाड दिसतच नाही. आमच्यात खुंटी नाही, हे नशीब. ताईने कॉलेजमध्ये परवानगी काढून तिथल्या पाऱ्याच्या मशीनला वाय आकाराच्या जोडाने आपला डायल लावून पाहिला. फरक पाऱ्याच्या ३ मिलिमीटरच्या आतच निघाला, तेवढा चालतो. दादाचं म्हणणं, त्याच्या लॅबमध्ये सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावून आकडे बरोबर आल्याशिवाय पेशंटचं सँपल मशीनला दाखवतच नाहीत, मग इथे का सोडायचं? ही लॅबवाल्यांची खोड आम्ही उचलली. आता दर दोन-तीन महिन्यांनी डायल ताईच्या कॉलेजात जाऊन येतो.

त्याच दादाने एकदा माझी वही चाळली आणि विचारलं, "कोपरखैरण्यात सगळ्यांचं बीपी शून्यावरच संपतं का?" १४०/९०, १३०/८०, १५०/९०, पानभर तेच. डायलवर दोन-दोनच्या रेघा असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांतला कुठलाही येऊ शकतो. शून्य साधारण पाचात एकदा यायला हवा. मोजणारा फिजिओवाला होता, तो वैतागला, पण ऐकलं. तेव्हापासून मोजणारा आकडा मोठ्याने सांगतो, मी तो परत म्हणून दाखवते, तो "हो" म्हणाला की लिहिते. पहिल्या दिवशी शाळेत पाढे म्हणतोय असं वाटून सगळे हसले. आता १३४/८६, १४८/९२ असे आकडे दिसतात आणि वही बघायला बरी वाटते.

आता कफ.

कफवर मोठ्या अक्षरांत "युनिव्हर्सल" छापलंय. आत, शिलाईजवळ, बारीक अक्षरांत २५ ते ३५ सेंटिमीटर. ते वाचायला फिजिओवाला लागला, कारण तो इंचपट्टी खिशात घेऊनच फिरतो. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मोजून मधोमध खूण करायची आणि तिथे दंडाचा घेर घ्यायचा, असं त्याने दाखवलं. आणि आमच्यासमोर रांगेत उभे होते पन्नास किलोच्या गोण्या वर्षानुवर्षं पाठीवर वाहणारे काका. ३६, ३८, एकाचा ३९. आमचा कफ त्यांच्या दंडाला कसाबसा वेढा देऊन व्हेल्क्रोच्या टोकावर लटकायचा. दीडशेच्या वर फुगवला की चर्रर्र करून सुटायचा. दर वेळी सगळी खोली दचकायची. काका म्हणायचे, "फुटला का गं?"

सुटायचा याचा मला राग होता, कारण व्हेल्क्रो झिजत होता आणि पैसे माझ्या हिशेबात होते. ताईचा राग वेगळा होता. कफ लहान पडला की आकडा फुगतो. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हे डिजिटल मशीनवर तपासलं होतं. मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास जास्त येतो, आणि त्याहूनही मोठा लागणाऱ्यांना जवळजवळ २०. म्हणजे आम्ही ज्यांना चिठ्ठ्या दिल्या त्यांतल्या काहींना उगाच धास्ती लागली असणार. ताईने त्या चिठ्ठ्यांची यादी माझ्याकडून काढून घेतली आणि त्या सगळ्यांना परत बोलावलं.

इथपर्यंत माझं मत: मशीनला पाचात दोन तारे, तेही डायलचे.

मोठा कफ शोधायची मोहीम माझ्यावर. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे, दुकानात "ताई, युनिव्हर्सल आहे ना, सगळ्यांना बसतो". इंचपट्टीचे आकडे दाखवले तर म्हणे मागवून देतो. मागवला. घरी येऊन बघते तर एकाच नळीचा, म्हणजे डिजिटल मशीनचा. आपल्याला दोन नळ्या लागतात, एक बल्बला, एक डायलला. परत गेले तर उघडलेलं पाकीट परत घेत नाही. एवढ्यात जुन्या कफची हवा गळायला लागली, ते सांगितलं तर पुन्हा तेच: कफ वॉरंटीत येत नाही. काउंटरवर मी आवाज चढवला. मागे उभ्या असलेल्या, वॉकर घ्यायला आलेल्या आजींनी माझी बाजू घेतली. दुकानदाराने शेवटी एका नळीच्या कफचे अर्धे पैसे दिले. अर्धे! म्हणून ठाण्याचा नाद सोडला आणि ताईबरोबर मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटला गेलो. तिथे पहिल्याच दुकानातल्या माणसाने विचारलं, "एक नळी की दोन? दंड किती?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मोठा कफ पावणेपाचशेला, घासाघीस करून साडेचारशे. मशीनच्या जवळजवळ निम्मी किंमत, याचा चटका अजून आहे.

पण त्या रविवारी जे झालं ते पैसे वसूल करणारं. एका काकांचं जुन्या कफने १५२/९६ आलं. पाच मिनिटं बसवलं, मोठा कफ लावला, १३८/८८. लगेच दुसऱ्या दंडावरही पाहिलं, तसंच. सगळ्यांचं असं उतरलं नाही. एका काकांचा आकडा मोठ्या कफनेही १७८/१०४ च राहिला. ताईने डॉक्टरांना फोन लावला आणि सोमवारी त्यांच्याबरोबर स्वतः आरोग्य केंद्रात गेली. एका दिवसाच्या आकड्यावर बीपी ठरत नाही, पण असा आकडा सोडूनही देत नाहीत, हे तिचं वाक्य.

डी.फार्मवालीचं काम मला सुरुवातीला कळलंच नव्हतं. मशीनला तिचा हात लागत नाही, मग वर्गणी कशाला देते? ती फक्त म्हणायची, "येताना गोळ्यांची पाकिटं घेऊन या." पाकिटं आली तेव्हा कळलं. पाठदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेणारे किती जण! अशा दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं आणि बीपीच्या गोळीचा असरही कमी होऊ शकतो. ती कोणाला काही बंद करायला सांगत नाही, चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून देते, डॉक्टर बघतील. आणि एक काका तिला म्हणाले, "पोरी, आज गोळी घेतलीच न्हाय, म्हटलं खरा आकडा तरी कळंल." हे तिने विचारलं म्हणून कळलं. आम्ही चौघं नुसता आकडा लिहून मोकळे झालो असतो.

फिजिओवाल्याची कटकट खुर्चीची. मंडळाची प्लास्टिकची स्टुलं त्याने बाहेर काढली. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा वाढतो. मोजताना बोलायचं नाही, हे मात्र कोपरखैरण्यात अशक्य आहे. आधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही, हेही.

गळणाऱ्या जुन्या कफचं काय झालं? दादाने तो स्टीलच्या डब्याभोवती गुंडाळून फुगवला, व्हॉल्व्ह बंद केला आणि घड्याळ लावलं. मिनिटाला ४ पेक्षा जास्त काटा उतरला तर गळती धरायची. आमचा दहाच्या वर उतरत होता. साबणाचा फेस लावल्यावर बुडबुडे नळीच्या जोडापाशी निघाले. दादाने तेवढाच तुकडा कापून बदलला. खर्च शून्य. दुकानदार हेच काम करायला तयार नव्हता. जुना कफ आता बायकांना आणि बारीक दंडांना, नवा काकांना. दंड मोजून कफ मी काढून देते. वहीत एक रकाना वाढलाय, दंडाचा घेर. ताई म्हणते, तो रकाना तिच्या वॉर्डातल्या तक्त्यातही नाही.

तारे वाढवते, चार. एक कापला तो युनिव्हर्सल छापण्याबद्दल.

काही जण विचारतील, बारावीत असताना हे उद्योग कशाला, नीटचा अभ्यास कर. घरी हेच चालू असतं. आमच्याकडे डॉक्टर हा एकच व्यवसाय माहीत आहे, बाकी सगळे "हॉस्पिटलात असतात". मीही तशीच होते. आता बघते तर महाराष्ट्रात नर्सिंगची सीईटी वेगळी, फिजिओथेरपीला नीटच लागते, डी.फार्मला बारावीचे मार्क. आणि २०२१ च्या कायद्याने डॉक्टर-नर्स सोडून फिजिओ, लॅब, ऑप्टोमेट्री (डोळे तपासणं) वगैरे पन्नासहून अधिक व्यवसायांची दहा गटांत यादीच केली आहे. ती यादी मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, पगार कोणाला जास्त. लॅब मला सध्या ओढतेय, त्या दादाच्या वही चाळण्यामुळे. पण फॉर्म भरायच्या दिवशी काय भरेन याची आज खात्री देत नाही, आणि फिजिओवाल्याने पैज लावलीय की मी नर्सिंगलाच जाणार, कारण दुकानदाराशी भांडताना मी हुबेहूब ताईसारखी बोलते म्हणे.

घेणाऱ्यांसाठी: दुकानातच कफ फुगवून मागा आणि मिनिटभर काट्याकडे बघत उभे राहा, दुकानदार कितीही उसासे टाको. ज्यांचं मोजायचंय त्यांचे दंड आधी घरी मोजा. मोठा कफ लागणार असेल तर त्याची किंमत धरूनच डिजिटलशी तुलना करा. जास्तीचा कफ दोन नळ्यांचा आहे ना ते पाकीट न फोडता बघा. पाऊचची चेन पहिल्या पावसाळ्यातच गंजते, तिच्यात जीव गुंतवू नका.

आता फिजिओवाल्याला पल्स ऑक्सिमीटर हवाय. वर्गणीचे एकशे दहा रुपये शिल्लक आहेत आणि ते माझ्याकडे आहेत.