पत्ता उघडला नाही म्हणून मी फोन लावला

वायफाय एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय घरात लांबपर्यंत पोचवणारा छोटा डबा, बसवताना अडलात आणि गूगलवर कंपनीचा नंबर शोधायला निघालात, तर आधी एवढं वाचा. माझ्या खात्यातून ४४,४९९ रुपये गेले. पाऊण तासात, मी त्या माणसाशी फोनवर बोलत असताना.

सोलापूरच्या साखर पेठेत आमचं जुनं घर आहे. पुढे बैठकीची खोली, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, दगड-मातीच्या. मे महिन्यात त्यांचीच कृपा असते, पण वायफाय त्यातून पलीकडे जात नाही. राउटर पुढे आणि माझा कडक भाकरी, शेंगाचटणीचा धंदा मागे. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, मागे मोबाइलची रेंजही तुटक. पिठाचे हात धुऊन दर अर्ध्या तासाने पुढे यायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. म्हणून १,७०० रुपयांचा एक्स्टेंडर मागवला.

पुस्तिकेत लिहिलं होतं की एक्स्टेंडरच्या स्वतःच्या नेटवर्कला फोन जोडा आणि ब्राउझरमध्ये अमुक पत्ता टाका. मी तसंच केलं, पण पान काही उघडेना. कारण मला नंतर कळलं, आणि ते प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं आहे. तो पत्ता इंटरनेटवरचा नसतो, त्या डब्याच्या आतलाच असतो. फोन डब्याच्या नेटवर्कला जोडलेला असेल तरच तो उघडतो. त्या नेटवर्कवर इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. मग तोच पत्ता बाहेर शोधला जातो, आणि बाहेर तुमची वाट बघत बसलेली माणसं असतात.

माझ्यासमोर सगळ्यात वर जे पान आलं त्यावर कंपनीचेच रंग, माझ्याच मॉडेलचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत मदतीसाठीचा नंबर. मी लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, फार नम्रपणे बोलत होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, लाइट लाल जल रही है ना?’’ लाइट खरंच लाल होती. तिथेच माझा विश्वास बसला. आता कळतं, ज्याचा एक्स्टेंडर राउटरपासून लांब लावलाय त्या बऱ्याच जणांची लाइट तशीच असते. तो म्हणाला, तुमच्या नेटवर्कमध्ये कुणीतरी घुसलंय, म्हणून सेटअप अडलाय.

मग त्याने एक अॅप घ्यायला लावलं. त्यातून माझ्या फोनचा पडदा त्याला दिसू लागला. हे मला माहीत होतं, मी स्वतः परवानगी दिली होती. दुकानातला माणूसही फोन हातात घेऊनच दुरुस्त करतो, तसंच हे, असं मला वाटलं. तीन वर्षांची सुरक्षा २,९९९ रुपयांना घ्या म्हणाला, मी नको म्हटलं. तो जराही चिडला नाही. ‘‘ठीक है मॅडम, सिर्फ दस रुपये का रजिस्ट्रेशन कर लीजिए, वापस आ जाएगा.’’ दहा रुपयांना कोण नाही म्हणेल? फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. ओटीपीचा मेसेज आला. तो मी टाइप केला नाही की त्याला सांगितलाही नाही. माझ्या पडद्यावरून त्यानेच वाचला.

त्या मेसेजमध्ये ओटीपीच्या शेजारीच रक्कम लिहिलेली होती, १९,९९९. मी ती वाचली नाही, कारण तो सतत बोलत होता आणि मला राउटरच्या मागचं स्टिकर वाचायला लावत होता. दुसरा ओटीपी आला, २४,५०० चा. पैसे कापल्याचा मेसेज दिसला तेव्हा मी ओरडलेच. तो म्हणाला, सिस्टीमची चूक आहे, पैसे परत येतील, फोन ठेवू नका.

मी फोन ठेवला, वायफाय आणि डेटा दोन्ही बंद केले आणि ते अॅप काढून टाकलं. ह्यांच्या फोनवरून आधी कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर कार्ड बंद करायला सांगितलं, मग १९३० लावला. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच एक नंबर आहे. सोलापुरात हा आकडा कुणाला पाठ करावा लागू नये. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला होता, आणि त्या स्वातंत्र्यलढ्यातल्या ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली, त्यांच्या पुतळ्यांच्या चौकातून आपण रोज जातो.

दुसरी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. ती सुटायची वाट बघतेय. पहिली मात्र निघून गेली होती. बँकेत सांगितलं की कार्डाची माहिती तुम्हीच दिलीत. रिझर्व्ह बँकेचा तेव्हा लागू असलेला ६ जुलै २०१७ चा नियमही तेच म्हणत होता. ग्राहकाने स्वतः तपशील दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून मिनिटं महत्त्वाची. रडत बसू नका, घरच्यांना कसं सांगू याचा विचार करू नका, आधी फोन लावा. ते १९,९९९ माझे एकटीचे नव्हते. भाकरी थापणाऱ्या चौघींचा पगार आणि शेंगदाण्याचे पैसे त्यात होते. चौघींनाही मी समोर बसवून खरं काय ते सांगितलं.

एक्स्टेंडर दुसऱ्या दिवशी शेजारच्या यंत्रमागवाल्यांच्या मुलाने लावून दिला. ‘‘काकू, याला कुणाला फोन करायची गरजच नसते ओ,’’ एवढं बोलून त्याने बारीक पिन घालून दहा सेकंद रिसेटचं बटण दाबलं आणि तो डबा स्वयंपाकघरातून काढून चौकाच्या दाराशी लावला, म्हणजे राउटर आणि चूल यांच्या साधारण मध्ये. जिथे सिग्नल पोचतच नाही तिथे लावला तर तो पुढे काय पाठवणार? राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी करायचं, बटण दाबलं, दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचं दाबलं, आणि लाइट हिरवी झाली. वेग पुढच्या खोलीच्या जवळपास निम्मा मिळतो. एकाच रेडिओवर घ्यायचं आणि पुढे द्यायचं म्हटल्यावर तसंच होणार, ऑर्डरींना तेवढा पुरतो.

पण तो तिथे थांबला नाही, आणि याबद्दल त्याचे उपकार मानते. सेटअपसाठीचं बिनपासवर्डचं नेटवर्क अजून चालू नाही ना, हे त्याने पाहिलं. काम झाल्यावर डब्ल्यूपीएस बंद केलं. एक्स्टेंडरच्या आतल्या पानाचा कंपनीने घातलेला पासवर्ड बदलला, तसाच राउटरचाही, कारण स्टिकरवरचा मी त्या चोराला वाचून दाखवला होता. वायफायचा पासवर्ड नवा ठेवला, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ या पातळीच्या खाली नाही ना ते बघितलं, राउटरमधला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधणारी सेटिंग, कुणी बदललाय का तेही तपासलं, आणि कंपनीच्या अॅपमधून फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. सेटअप करताना फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवायचा आणि पत्ता शोधायच्या चौकटीत न टाकता अगदी वरच्या पट्टीत टाकायचा, हे त्याने मला दोनदा करून दाखवायला लावलं.

तीन आठवड्यांनी परत फोन आला. या वेळी माणूस स्वतःला सायबर पोलीस म्हणवत होता. माझं नाव, दोन्ही रकमा, तारीख, सगळं त्याला बरोबर माहीत होतं. अडकलेले पैसे सोडवायला १,५०० रुपये प्रोसेसिंग फी भरा, म्हणाला. मी फोन ठेवला, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर संशयास्पद फोन कळवायची ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तो नंबर नोंदवला, आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन शहर पोलिसांच्या सायबर शाखेत स्वतः जाऊन आले. तिथे कोणतीही फी नाही.