बेटगे, र्‍युकर्ट की क्लाबुंड? जर्मनमधून पूर्वेची कविता वाचायची तर

मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या दोन-तीन पातळ्या झाल्या की पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही वाचावंसं वाटू लागतं. कवितेची ओढ असलेल्यांना मी नेहमी सांगते, चीन-इराण-भारताची जुनी कविता जर्मनमध्ये ज्यांनी नव्याने रचली, त्यांच्याकडे जा. तिथे तीन नावं समोर येतात: हान्स बेटगे, फ्रीडरिश र्‍युकर्ट आणि क्लाबुंड. तिघांची तब्येत इतकी निराळी आहे की चुकीचं पुस्तक आधी हातात पडलं तर माणूस या वाटेला पुन्हा फिरकत नाही.

माझा कौल बेटगेला आहे. डेसाउ इथे १८७६ साली जन्मलेल्या या कवीचा 'दी शिनेझिशे फ्लोटे' म्हणजे 'चिनी बासरी' हा संग्रह १९०७ मध्ये लाइपझिगच्या इन्झेल प्रकाशनाने काढला. बेटगेला चिनी येत नव्हतं. हान्स हाइलमानने १९०५ मध्ये चिनी कवितांचं जर्मन गद्य भाषांतर छापलं होतं, त्याआधी एर्वे द सँ-दनी आणि ज्युदित गोतिए यांची फ्रेंच पुस्तकं होती. ही सामग्री समोर ठेवून त्याने रचना केली. म्हणजे आठव्या शतकातला तांग काळातला कवी दोन-तीन हातांतून त्याच्यापर्यंत पोचला. पुढे हाफिज, जपान, अरबस्तान, तुर्कस्तान, अगदी 'दी इंडिशे हार्फे' हा भारतीय कवितांचा संग्रहही त्याने याच पद्धतीने केला.

यावर नाक मुरडण्याआधी एक कविता बघू. तांग काळातल्याच ली पोची चांदण्या रात्रीची कविता चिनी मुलं पाठ करतात: चार ओळी, प्रत्येकी पाच अक्षरं. बिछान्यापुढे चांदणं, ते जमिनीवरचं हिमकण वाटतं, मान वर करून चंद्र बघतो, मान खाली घालून गाव आठवतो. एवढंच. बेटगेकडे तिच्या सात ओळी होतात. मान वर करणं आधी येतं, हिमकणांचा भास नंतर. मग 'चंद्र, चंद्र' असा दोनदा उच्चार, आणि शेवटी गावच दुरून त्याला खुणावतं. मूळ कवितेतला आवर गेला, वर-खाली होणाऱ्या मानेची जोडी सुटली. पण परक्या मुलखात जाग आलेल्या माणसाचा श्वास त्या सात ओळींत ऐकू येतो. यमक नाही, वाक्यं संथ, शब्द ओळखीचे. शिकणाऱ्याला शब्दकोश फार वेळा उघडावा लागत नाही.

हीच कविता क्लाबुंडने चारच ओळींत बसवली, यमकासह. मान उचलणं आणि मान झुकवणं ही जोडीही त्याने नेमकी राखली. मात्र शेवटी त्याच्या प्रवाशाला आठवतं ते गाव नाही, पुढचा मुक्काम! घाट जपला आणि कवितेचा जीव बदलला. बेटगे घाट मोडतो, पण घरची ओढ सोडत नाही. तुम्हाला यातलं काय जास्त खुपेल, याच्या उत्तरावर तुमची निवड बरीचशी ठरेल. मला क्लाबुंडचा बदल जास्त खुपतो.

तरी क्लाबुंडला मी टाळा म्हणणार नाही. आल्फ्रेड हेन्श्के हे त्याचं खरं नाव. क्षयाने पोखरलेला हा माणूस १९२८ मध्ये दाव्होसला वारला तेव्हा अडतीस वर्षांचाही झाला नव्हता. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, १९१५ मध्ये, त्याने चिनी युद्धकवितांचा संग्रह काढला आणि १९१७ मध्ये कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, पायउतार व्हावं असं उघड पत्र लिहिलं. त्याच्या कवितेला धार आहे, ती भरभर चालते. ज्याला नाटकात रस आहे त्याने तर त्याच्याकडेच आधी जावं. जुन्या चिनी नाटकावरून त्याने १९२५ मध्ये 'डेअर क्राइडेक्राइस' म्हणजे 'खडूचं वर्तुळ' लिहिलं. त्याच खडूच्या वर्तुळाची गोष्ट पुढे जर्मन नाटककार ब्रेख्तने घेतली आणि ब्रेख्तकडून ती चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मध्ये आपल्या रंगभूमीवर आली.

र्‍युकर्ट (१७८८–१८६६) हे वेगळंच प्रकरण. तो एर्लांगेन आणि बर्लिनला पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक होता. फारसी, अरबी, संस्कृत तो मुळातून वाचायचा. रूमीच्या वाटेने त्याने गझल जर्मनमध्ये आणली, तीही काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागून येणारे तेच ते शब्द, सांभाळून. अरबी लेखक अल-हरीरीच्या मकामांमधलं, म्हणजे चतुर गोष्टींमधलं, यमकबद्ध गद्य त्याने यमकबद्ध गद्यातच उतरवलं. महाभारतातलं नल-दमयंती आख्यान आणि जयदेवाचं गीतगोविंद हेही त्याने जर्मनमध्ये नेलं. मराठी वाचकाला इथे खरा फायदा आहे. रघुनाथ पंडितांचं दमयंतीचं स्वयंवर शाळेत वाचलेलं असतं, गझलेचं अंग ठाऊक असतं, त्यामुळे र्‍युकर्टने काय साधलंय ते जर्मन वाचकाहून आपल्याला लवकर कळतं. अडचण भाषेची. जुनी वळणं आणि यमकासाठी घडवलेले शब्द पहिल्या दोन वर्षांत झेपत नाहीत. आणि 'मुळातून' हा निकष त्यालाही सगळीकडे लागू नाही: १८३३ चं त्याचं 'शी-किंग' (प्राचीन चिनी गीतांचा संग्रह) लॅटिन भाषांतरावरून केलेलं आहे.

मूळ भाषा येणाराच खरा आणि बाकीचे उसने, अशी विभागणी आपल्याकडेही टिकत नाही. माधव ज्यूलियन फारसीचे जाणकार. त्यांनी खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या'ही लिहिली. दोन्ही वाटा त्यांना चालण्याजोग्या वाटल्या.

पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्याला ही निवड आणखी सोपी आहे, कारण संगीतकार गुस्टाव माहलरने र्‍युकर्ट आणि बेटगे या दोघांच्या कवितांना चाली दिल्या. मुलांच्या मृत्यूवरच्या र्‍युकर्टच्या शोककविता त्याने १९०१ ते १९०४ या काळात घेतल्या. बेटगेच्या 'चिनी बासरी'तल्या सात कवितांवर त्याने १९०८-०९ मध्ये 'दास लीड फॉन डेअर एर्डे' म्हणजे 'पृथ्वीचं गीत' रचलं. ते पहिल्यांदा वाजलं नोव्हेंबर १९११ मध्ये म्युनिकला, ब्रूनो वाल्टरच्या संचालनाखाली. माहलर त्याच वर्षी मे महिन्यात वारला होता. शेवटच्या भागात त्याने मंग हाव-रान आणि वांग वेई या तांग कवींच्या दोन कविता जोडल्या, आणि पृथ्वी पुन्हा फुलते, 'एविग... एविग' (कायम... कायम) या अखेरच्या ओळी स्वतःच्या घातल्या. त्या बेटगेच्या पुस्तकात शोधू नका. पुस्तक उघडून रेकॉर्डिंग लावा, म्हणजे माहलरने कुठे काय बदललं ते ओळीओळीला दिसतं. कविता वाचायला शिकण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

ज्यांना ली पो किंवा वांग वेई हेच कवी हवे आहेत, त्यांनी मात्र तिघांनाही बाजूला ठेवावं आणि चिनी जाणणाऱ्याने टिपांसह केलेलं भाषांतर घ्यावं. आणि ज्यांना हे मराठीत आणायचंय त्यांच्यासाठी: बेटगे १९४६ मध्ये वारला, त्यामुळे भारतात आणि जर्मनीत तिघांच्याही कवितांचा स्वामित्वहक्क संपलेला आहे. फक्त मराठी कवितेखाली नुसतं 'ली पो' लिहू नका, 'ली पो, बेटगेवरून' असं लिहा.