स्टारड्यू व्हॅलीचे मॉड लिहायला स्मॅपी आणि व्हिज्युअल स्टुडिओ: पंधरा दिवस वापरून

पंधरा दिवस रोज रात्री जेवण झालं की हेच करत बसलोय, म्हणून लिहितोय. स्टारड्यू व्हॅली म्हणजे शेतीचा गेम, एरिक बॅरोनने एकट्याने बनवून २०१६ ला आणलेला. त्यात स्वतः कोड लिहून बदल करायचे, म्हणजेच मॉड लिहायचे, तर जो सेटअप लागतो त्याचा हा रिव्ह्यू आहे, सांगलीत बसून ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर केलेला.

गेम आणि आपला कोड यांच्यामधे स्मॅपी बसतं, तेच आपले मॉड गेममधे लोड करतं, सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा लिहायला व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी, आणि न्यूगेटवरून (तयार कोडची पॅकेजेस मिळतात ती जागा) मॉड बिल्ड कॉन्फिग नावाचं एक पॅकेज. तिन्ही फुकट, गेम तेवढा विकत घ्या.

स्मॅपी पाच मिनिटात बसलं. वेळ खाल्ला तो व्हिज्युअल स्टुडिओने. इन्स्टॉलरमधे ढीगभर चौकोन दिसतात, त्यातलं फक्त डॉट नेट डेस्कटॉप डेव्हलपमेंट (डॉट नेट म्हणजे सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात ते) टिक करायचं, तरी काही जीबी उतरतातच, मी रात्री लावून झोपलो. आणि नवीन प्रोजेक्ट करताना नीट बघा, क्लास लायब्ररी नावाचे दोन पर्याय असतात, ज्याच्यापुढे डॉट नेट फ्रेमवर्क लिहिलंय तो घ्यायचा नाही. मी नेमका तोच घेतला आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या, कारण गेमची १.६ आवृत्ती डॉट नेट ६ वर चालते आणि माझा प्रोजेक्ट काही केल्या बिल्डच होईना, म्हणजे कोडचा चालणारा मॉड बनेना. साधा क्लास लायब्ररी घेतला, टार्गेट डॉट नेट ६ ठेवलं, लगेच झालं.

मॉड बिल्ड कॉन्फिगला मात्र पैकीच्या पैकी. गेम कुठल्या फोल्डरमधे आहे ते स्वतः शोधतं, लागणारे रेफरन्स (गेमच्या कोडचे दुवे) जोडतं, आणि बिल्ड दाबलं की तयार मॉड उचलून थेट मॉड्स फोल्डरमधे नेऊन ठेवतं. हाताने फाईल कॉपी करत बसायची भानगडच नाही. फक्त गेम चालू असताना बिल्ड करू नका, जुनी डीएलएल (बिल्ड झालेल्या मॉडची फाईल) गेमने धरून ठेवलेली असते त्यामुळे कॉपी अडकते.

दुसरी जीव लावणारी गोष्ट म्हणजे स्मॅपीची काळी खिडकी, गेमसोबत उघडते आणि काय चाललंय ते लिहून दाखवते. मधे मी प्रोजेक्टचं नाव बदललं पण मॅनिफेस्ट फाईलमधे (मॉडची ओळख यात लिहिलेली असते) डीएलएलचं जुनंच नाव राहिलं. गेम बंद नाही पडला, माझा मॉड तेवढा वगळला आणि लाल अक्षरात सांगितलं की या नावाची डीएलएल फोल्डरमधे नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला एरर आली की सर येईपर्यंत थांबायचो, इथे दोन मिनिटात माझं मलाच कळलं!

माझा मॉड छोटासाच आहे. रोज सकाळी दिवस सुरू झाला की शेतातली किती रोपं कोरडी आहेत ते मोजून स्क्रीनवर दाखवतो, म्हणजे स्प्रिंकलरचं पाणी कुठवर पोचत नाही ते समजतं. मेसेज मराठीत हवा होता पण गेमच्या फॉन्टमधे देवनागरी नाही, मग रोमन लिपीत "12 ropa koradi" असं लिहिलं.

काका तासगावहून आलेले, त्यांची द्राक्षबाग आहे. स्क्रीनवर मांडवाला द्राक्षं बघून म्हणाले, "अरे, छाटणी कधी केलीस?" गेममधे द्राक्षं लावल्यापासून १० दिवसात तयार, पुढे दर ३ दिवसांनी तोडा. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर चार-साडेचार महिने जातात माल यायला. काका खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास बघत राहिले, हे माझ्यासाठी लय मोठं आहे.

तक्रारी दोन. सगळी माहिती इंग्रजीत आहे, बारावीच्या पोराला सुरुवातीला जड जाईल, पण उदाहरणाचा कोड पूर्ण दिलेला असतो त्यामुळे सोबत टाईप करत गेलं की जमतं. आणि ८ जीबी रॅमवर व्हिज्युअल स्टुडिओ, गेम आणि ब्राउझर तिन्ही एकदम उघडले की लॅपटॉप धापा टाकतो, मी ब्राउझर बंद ठेवून माहिती मोबाईलवर वाचतो. स्मॅपीला पाच पैकी पाच, व्हिज्युअल स्टुडिओला साडेतीन. आता काकांच्या म्हणण्यावरून छाटणीचा मॉड सुरू केलाय, छाटणी चुकवली तर त्या वेलाला माल कमी.